शून्याचे स्थान आणि मापाची नीती

ग्वाल्हेर हे नाव कोकण-गोमंतकातील वाचकांस परके वाटू नये. महादजी शिंद्यांच्या पदरी ज्या सेनानींनी व मुत्सद्द्यांनी नाव मिळविले, त्यांत जिवबादादा बक्षी व लखबादादा लाड यांसारखे सारस्वत पुरुष होते. पण आज आम्ही वाचकांस तेथे नेणार आहोत, ते शिंदेशाहीच्याही नऊ शतके आधीच्या एका देवळात.

किल्ल्यावर जाणाऱ्या चढणीच्या वाटेवर, एकाच खडकात कोरून काढलेले चतुर्भुज विष्णूचे लहानसे मंदिर आहे. प्रतिहार सम्राट मिहिरभोज याच्या काळी किल्ल्याचा रक्षक असलेल्या अल्ल नावाच्या अधिकाऱ्याने ते करविले. तेथे विक्रम संवत 933, म्हणजे इसवी सन 876 चा शिलालेख आहे. देवपूजेसाठी दिलेल्या दानांची त्यात नोंद आहे: फुलबागेसाठी 270 हात लांब व 187 हात रुंद जमीन, माळ्यांनी रोज द्यावयाच्या 50 माळा, तेल्यांनी घाण्यामागे द्यावयाचे तेल. 270 आणि 50 या आकड्यांतील शून्य लहानशा वर्तुळाने कोरलेले असून, भारतात मितीसह आढळणाऱ्या अतिप्राचीन शून्यांत त्याची गणना होते.

त्या शून्याची कीर्ती मोठीच आहे. आमचे लक्ष मात्र शेजारच्या ‘हात’ या शब्दाकडे अधिक गेले. लेखातील हात हा कोणाचाही हात नव्हे. तो राजमान्य हात आहे. देणाऱ्याचा हात आखूड आणि घेणाऱ्याचा लांब निघाला, तर देवाच्या बागेवरूनही भांडण व्हावयाचे! ते होऊ नये म्हणून दोघांच्याही हातांहून निराळे असे एक माप लेखकाने साक्षीला ठेवले.

येथे एक शंका उभी राहते, आणि ती भाविकांच्या मुखातून आम्ही अनेकदा ऐकली आहे. जे देवाला वाहिले त्याचे मोजमाप कशाला? भक्तीत हिशेब शिरला की भक्ती उणावते, असे नव्हे काय?

या शंकेचा विचार करीत असता आम्हांस अनपेक्षितपणे साहाय्य झाले ते रसायनशास्त्राचे. शाळेतील मुलांची या विषयाची पुस्तके चाळून पाहावीत: अणू, मूलद्रव्ये, संयुगे या गहन गोष्टींच्या आरंभीच मापनाचा धडा असतो. तो कंटाळवाणा म्हणून मुले भराभर उलटतात. वस्तुतः साऱ्या शास्त्राची नीती त्याच पानांत आहे.

परमाणूची कल्पना आपल्याकडे नवी नाही. वैशेषिक दर्शनात कणादांनी ती मांडली, आणि तर्काच्या बळावर मानवी बुद्धी किती खोल जाऊ शकते याचे ते भव्य उदाहरण आहे. तथापि, कणादांच्या परमाणूतच आजचे सारे रसायनशास्त्र आले, असे म्हणणे त्यांचा गौरव नव्हे. 1808 साली जॉन डाल्टन यांनी आपला अणुसिद्धान्त ग्रंथरूपाने मांडला, तेव्हा त्यात एक गोष्ट नवी होती: निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या अणूंची तौलनिक वजने. त्यांचे काही आकडे पुढे चुकीचे ठरले. पण जे मापून सांगितले, तेच चुकीचे ठरू शकते, आणि म्हणूनच सुधारता येते. मोघम विधानास ते भाग्य नाही.

हे मोजणे आज कोठवर आले आहे? अठरा ग्रॅम पाणी घ्यावे, म्हणजे आचमनाच्या तीन-चार पळ्या. तेवढ्या पाण्यात रेणू किती? 602 या आकड्यापुढे एकवीस शून्ये लिहावीत, साधारण तितके. ग्वाल्हेरच्या कातळावरील त्या चिमुकल्या वर्तुळावाचून ही संख्या लिहिणेही किती दुर्घट झाले असते!

परंतु शून्याचे खरे काम केवळ संख्या वाढविण्याचे नाही. 270 मधील शून्य सांगते की, एककाच्या घरात काही नाही, तथापि ते घर आहे. ती जागा पुसली तर 270 चे 27 होतात, आणि देवाची बाग एक दशांश उरते. रिकाम्याला रिकामे म्हणून लिहून ठेवणे, हाच त्याचा प्रामाणिकपणा.

हाच प्रामाणिकपणा 1869 साली रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडताना दाखविला. तेव्हा साठाहून थोडी अधिक मूलद्रव्ये ज्ञात होती. अणुभाराच्या क्रमाने मांडता मांडता ठराविक अंतराने गुणधर्मांची पुनरावृत्ती होते असे त्यांस आढळले. काही ठिकाणी मात्र दुवा जुळेना. उपलब्ध मूलद्रव्ये ओढून-ताणून तेथे बसविणे शक्य होते. तसे न करता त्यांनी त्या जागा रिकाम्या ठेवल्या आणि तेथे पुढे जे सापडेल त्यास संस्कृत ‘एक’ हा शब्द जोडून नावे दिली: एक-ॲल्युमिनियम, एक-बोरॉन, एक-सिलिकॉन. 1875 मध्ये गॅलियम, 1879 मध्ये स्कँडियम आणि 1886 मध्ये जर्मेनियम सापडून ती तिन्ही घरे भरली.

गॅलियमची हकीगत तर ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शोधक ब्वाबोद्राँ यांनी त्याची घनता 4.7 अशी मोजली. ती 5.9 च्या आसपास असावयास हवी, पुन्हा मोजून पाहा, असे मेंडेलीव्ह यांनी कळविले. ज्याच्या हाती धातूचा तुकडा होता त्यास, ज्याने तो पाहिलाही नव्हता त्याने असे सांगावे! ब्वाबोद्राँ यांनी धातू अधिक शुद्ध करून पुन्हा मोजला, घनता 5.9 च भरली.

पण कथा येथेच संपविली तर ती अपुरी होईल. काही वर्षांनी लॉर्ड रॅली यांस असे आढळले की, हवेतून काढलेला नायट्रोजन हा संयुगांपासून काढलेल्या नायट्रोजनहून किंचित जड भरतो. फरक हजारात पाचांच्या आसपास. दुसऱ्या कोणी तो तराजूचा दोष म्हणून सोडून दिला असता. रॅली यांनी तो जाहीर केला, आणि त्यातूनच त्यांस व विल्यम रॅम्झी यांस 1894 साली अरगॉन हा वायू सापडला. आवर्तसारणीत त्याच्यासाठी रिकामे घरही नव्हते. खुद्द मेंडेलीव्ह यांनी आरंभी ते मूलद्रव्य मानण्यास आढेवेढे घेतले. शेवटी अशा वायूंसाठी सारणीत एक नवा स्तंभच घालावा लागला. जुन्या पुस्तकांत त्याचे नाव आहे ‘शून्य गण’. एकदा सिद्धान्ताने मापाची चूक दाखविली, एकदा मापाने सिद्धान्ताची. आणि दोन्ही वेळा ज्याची चूक होती त्याने ती अखेर मानली. आज सारणीत 118 मूलद्रव्ये आहेत व सातही ओळी भरल्या आहेत, त्या या मानण्यामुळे.

माप तरी कोणाचे मानावे? प्रतिहारांच्या काळी राजाचा हात होता. पुढे 1889 पासून पॅरिसजवळ जपून ठेवलेला धातूचा एक दंडगोल म्हणजे जगाचा किलोग्रॅम ठरला. पण त्याच्या प्रतिकृतींशी ताडून पाहता शंभर वर्षांत त्यांच्यात सूक्ष्म अंतर पडल्याचे दिसले. 20 मे 2019 पासून किलोग्रॅम निसर्गातील एका अचल स्थिरांकावर बांधला गेला आहे. राजाकडून धातूकडे, धातूकडून सृष्टिनियमाकडे: कोणाही एकाच्या मर्जीवर न चालणाऱ्या साक्षीचा हा शोध आहे.

आता त्या शंकेकडे वळू. माप देवासाठी नाही. देवाला आमच्या 50 माळांची मोजदाद नको. माप आमच्यासाठी आहे. आम्ही जे बोललो ते आमच्या पश्चातही तेवढेच राहावे, उणे पडले तर कोणास तरी ते दाखविता यावे, यासाठी. दानपत्रात हद्द मोघम असली की पुढच्या पिढीत काय होते, हे देवस्थानच्या कारभाराशी ज्यांचा संबंध आला त्यांस सांगावयास नको. जमाखर्चात जेथे काही आले नाही तेथे शून्य लिहावे, जेथे ठाऊक नाही तेथे जागा रिकामी सोडावी, आणि पाचाचा फरक आढळला तर तो पुसू नये, एवढे जो करतो त्याच्या भक्तीत हिशेबाने उणेपणा येत नाही.

मापालाही सीमा आहे, हे आम्ही विसरत नाही. शिलालेखाने माळा मोजल्या. त्या गुंफणाऱ्या माळ्याचे मन त्याने मोजले नाही, मोजण्याचा आवही आणला नाही. ते घर त्याने रिकामे ठेवले आहे. तेही, आमच्या मते, योग्यच केले.