बाळंतिणीचा फोटो कोणाच्या मालकीचा?

प्रश्न दिसायला साधा आहे. बाळंतपणाचा फोटो काढावा का? आणि काढला तर तो कोणाचा? काढणाराचा, छापणाराचा, चळवळीचा, की जिच्या पोटातून जीव बाहेर आला तिचा?

पुण्या-मुंबईत आता पैसे घेऊन बाळंतपणाचे फोटो काढणारे लोक आहेत. कळा, घाम, रडणं, छातीवर ठेवलेलं ओलं लेकरू, सारं काही न सजवता, घडलं तसं टिपतात. आधी बोलणी होतात. काय काढायचं, कोणाला दाखवायचं हे ती बाई ठरवते. तिथं कॅमेरा तिचा नोकर असतो.

आपल्या बाईचाही फोटो निघतो. रिसोड असो, मेहकर असो की मेळघाट, गाडी मिळाली नाही, रस्त्यात मोकळी झाली, की चार मोबाइल वर होतात. तिला कोण विचारतो? लुगडं सावरायच्या आत ती गावभर पोचलेली असते. एकीचा फोटो आठवण होतो, दुसरीचा बातमी. हा फरक नुसता पैशाचा नाही. कोणाच्या अंगाला पडदा असतो आणि कोणाच्या नाही, हे इथल्या जातिव्यवस्थेनं कधीच ठरवून टाकलंय.

काही कार्यकर्ते म्हणतील, फोटो नसेल तर सरकार मानतं का? पुरावा पाहिजे. या म्हणण्यात दम आहे. आपल्या बापजाद्यांच्या जन्माची कुठं नोंदच नव्हती. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं आणि कितीजण त्याच तारखेला जन्मले! जातीच्या दाखल्यासाठी आजही १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा कागद मागतात. ज्यांचा जन्मच कागदावर नाही, त्यांना फोटोची भूक असणारच.

आणखी एक. अनेक गावांत नाळ कापायचं, वार पुरायचं काम महार-मांगाच्या बायांकडं होतं. सवर्णाच्या लेकराला पहिला हात तिचा. सोयर फिटलं की त्याच हाताचा विटाळ! त्या हातांचे फोटो कोणी काढले? ते निघायला पाहिजे होते.

अमेरिकेत असं एक काम झालं. युजीन स्मिथ या फोटोग्राफरनं साऊथ कॅरोलिनातल्या मॉड कॅलन या काळ्या नर्स-सुईणीचं काम टिपलं. १९५१ साली ते 'लाइफ' मासिकात छापून आलं. वाचकांनी पैसे पाठवले आणि १९५३ मध्ये तिचा दवाखाना उभा राहिला. म्हणजे फोटोत ताकद आहे. पण यातून दुसराही प्रश्न निघतो. दवाखाना हा गरीब बाईचा हक्क. तो मिळायला आधी तिच्या कळा अनोळखी लोकांना दाखवाव्या लागतात, हा कुठला न्याय? हक्काची किंमत उघडं अंग असेल, तर तो हक्क नाही, भीक आहे.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणं राष्ट्राच्या हिताचं आहे, हे त्यांनी मांडलं. तिथं त्यांनी कोणत्या बाईचं दुःख दाखवून दया मागितली नाही. हक्क मांडला. यातून आपण एवढं धरून चालावं : बाळंतपण हा सार्वजनिक प्रश्न आहे, बाळंतीण सार्वजनिक वस्तू नाही.

मग पुरावा कसा द्यायचा? कुलूप लागलेल्या उपकेंद्राचा फोटो काढा. न आलेल्या गाडीची वेळ लिहून ठेवा. खड्ड्यांचा रस्ता काढा. गुन्हा व्यवस्थेचा आहे, मग कॅमेरा तिच्याकडं वळवा. प्रसूतिगृहात बाईची अब्रू राखली पाहिजे, हे केंद्र सरकारच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमातच लिहिलेलं आहे. ते पाळलं जातं का, हे विचारायला कोणाचा फोटो लागत नाही.

आणि ती स्वतःच म्हणाली, "काढ फोटू, साऱ्या गावाले दिसू दे" तर? तर काढा. तिच्या वतीनं लाजायचा अधिकार आपल्याला कोणी दिला? पण कळा चालू असताना म्हटलेलं 'हो' हे 'हो' नव्हे. नवऱ्यानं, सासूनं म्हटलेलं तर नव्हेच नव्हे. आधी विचारा. ती उठून बसली, दोन घास जेवली, की फोटो तिच्या हातात द्या आणि पुन्हा विचारा. नाही म्हणाली तर तिच्यासमोर पुसून टाका. मग मोर्चा कितीही मोठा असो आणि फोटो कितीही चांगला असो.

आपल्या बायांना हजारो वर्षं न विचारता वापरलं गेलं. चळवळीनंही न विचारता वापरलं, तर आपल्यात आणि त्यांच्यात फरक तो काय?