वॉर्डातला शेरा
परिचारिकेची जात, धर्म, रंग किंवा बोली पाहून रुग्ण आणि नातेवाईक शेरे मारतात. चेन्नईतल्या अंबत्तूरची औद्योगिक वसाहत घ्या. अशा कामगारवस्तीतल्या रुग्णालयात तमिळ, हिंदी, ओडिया बोलणारे शेजारच्या खाटांवर येतात आणि "दुसरी सिस्टर पाठवा" हेही कानी पडते. सलाइन लावणारा हात त्याने थांबत नाही. तापात बरळणाऱ्याचे बोलणे सोडून द्यायचे. शुद्धीवरच्या नातेवाइकाला मात्र "असं बोलू नका, सुई मीच लावणार आहे" एवढेच शांतपणे सांगायचे. मग शेरा त्याच शब्दांत नोंदवून इन्चार्ज सिस्टरला कळवायचा. परिचारिका बदलून देणे सोपे, पण त्याने पूर्वग्रहच पोसला जातो. अनुसूचित जाती-जमातीच्या परिचारिकेला चारचौघांत जातीवरून अपमानित केल्यास 1989चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होऊ शकतो.