सत्कार म्हणजे देणगी की परतफेड?



दत्तजयंतीच्या उत्सवात आता गावोगावी कर्तबगार महिलांचा सत्कार होऊ लागला आहे. बचत गट चालवणारी, अंगणवाडीची सेविका, रात्री-बेरात्री बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाणारी आशाताई. शाल, श्रीफळ, फोटो, टाळ्या. आमच्या वडनेर भोलजीच्या पंचक्रोशीतही अशा बाया काही कमी नाहीत. कार्यक्रम चांगलाच आहे. पण मनात एक प्रश्न येतो. हा सत्कार म्हणजे आपण त्यांना दिलेली देणगी, की त्यांच्या ऋणाची परतफेड?

मी कॉमर्सचा विद्यार्थी, जन्म गेला बँकेच्या काउंटरमागे. त्यामुळे विचारही नावे-जमेच्याच भाषेत येतो. देणगी दिली की देणारा मोकळा, वर त्याचंच नाव फळ्यावर. कर्जाचं तसं नाही. शेवटचा हप्ता भरेपर्यंत खातं चालू राहतं. जिच्यामुळे गावाचं भलं झालं, तिच्या खात्यात गाव कर्जदार आहे. शाल ही फार तर त्या कर्जाची कबुली झाली, हप्ता अजून भरायचाच आहे.

मग हप्ता कसा भरायचा? याचं उत्तर आपल्या संप्रदायातच आहे. अवधूताचे चोवीस गुरू आपणा सर्वांना ठाऊक आहेत. भागवताच्या अकराव्या स्कंधात ती कथा येते. त्यात एक कुमारी आहे. घरी पाहुणे आले, वडीलधारी माणसं बाहेर गेलेली, म्हणून पोर एकटीच साळी कांडायला बसली. हातातली कांकणं वाजू लागली. घरची ओढाताण पाहुण्यांना कळू नये म्हणून तिने ती काढत काढत हातात एकेकच ठेवलं. अवधूताने ते पाहिलं, एकांताचा धडा घेतला आणि तिला गुरू म्हटलं. हार नाही, तुरा नाही. तिला बिचारीला पत्ताही नसेल. पण तिच्याकडून जे घेतलं ते त्याने आचरणात आणलं. मला वाटतं, मान देण्याची याहून मोठी रीत नाही.

आता आपल्या बुलडाणा जिल्ह्याकडे पाहू. सिंदखेडराजा हे जिजाऊंचं जन्मस्थान, १२ जानेवारीला तिथे माणूस मावत नाही. पण ताराबाई शिंदे हे नाव किती घरांत माहीत आहे? त्या आपल्या बुलडाण्याच्याच. वडील बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत मुख्य कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. सुरतेच्या एका तरुण विधवेच्या खटल्यानंतर वर्तमानपत्रांतून समस्त स्त्रीजातीला दूषणं दिली जाऊ लागली, तेव्हा १८८२ साली ताराबाईंनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचा प्रश्न सरळ होता. जे दोष तुम्ही बाईच्या माथी मारता, ते पुरुषात नाहीत का? पाचशे प्रती छापल्या होत्या. टीका पुष्कळ झाली. जोतीराव फुले पाठीशी उभे राहिले, पण त्यानंतर ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणलं. म्हणजे ९३ वर्षं हे खातं कुणी उघडून पाहिलं नाही म्हणा ना! आज त्यांच्या फोटोला हार घालणं सोपं आहे. पण त्यांचा प्रश्न आपल्या घरात विचारून पाहा. एकाच चुकीला मुलासाठी एक नियम आणि सुनेसाठी दुसरा, असं आपल्याकडे होत नाही का? तो नियम एक करणं, हा त्यांचा हप्ता.

दुसरं उदाहरण शेजारच्या जळगाव जिल्ह्यातलं, विटनेर गावचं. शेतकरी संघटनेचे शरद जोशी सरकारकडे शेतकऱ्यांची कर्जमुक्ती मागत. १९८६ मध्ये चांदवडला महिलांचं मोठं अधिवेशन झालं. पुढे जोशींनी शेतकऱ्यांनाच सांगितलं, बाबांनो, घरच्या लक्ष्मीचं कर्ज तुमच्या डोक्यावर आहे, ते आधी फेडा. याला ‘लक्ष्मीमुक्ती’ म्हणत. विटनेरच्या आणि इतर गावांच्या शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा काही भाग बायकोच्या नावे केला. या सत्काराला मंडप लागला नाही, तलाठ्याचं दप्तर पुरलं. सातबारावरच्या नावाची किंमत बँकेतल्या माणसाला विचारा! जन्मभर निंदण-खुरपण केलं, कापूस वेचला, पण उताऱ्यावर नाव नाही, अशी बाई पीककर्ज मागायला आली तर कागद तिला ओळखतच नाही.

आमच्या शाखेत बचत गटाच्या बाया हप्ता भरायला यायच्या. नोटा रुमालात बांधलेल्या. एक माउली दर वेळी म्हणायची, “सायेब, नीट मोजून घ्या, हे बारा घरचे पैसे हायेत.” बारा घरांच्या पैशाची काळजी ती एकटी वाहत होती. तिच्याकडून काय शिकायचं, हे वेगळं सांगायला नको.

कुणी म्हणेल, मग शाल बंद करायची का? मुळीच नाही. साठी उलटलेल्या बाईचं नाव पहिल्यांदा लाउडस्पीकरवर पुकारलं जातं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला मोल नाही. शाल राहू द्या. तिच्या जोडीला तीन गोष्टी करू. सत्कारमूर्तीला दहा मिनिटं बोलू द्यावं आणि पुरुष मंडळींनी उठून न जाता ऐकावं. तिचं कुठलं काम अडलं आहे ते विचारून वहीत लिहावं, आणि पुढच्या जयंतीला ती वही सर्वांसमोर वाचावी. आणि आपण जे वडीलधारे आहोत, त्यांनी घरी जाऊन सातबारा आणि घराचा नमुना आठ काढून पाहावा, त्यावर कोणाकोणाचं नाव आहे ते. वय झालं म्हणून हे काम पुढच्या पिढीवर ढकलू नये. सही आपलीच लागते.

॥ अवधूतचिंतन श्री गुरुदेव दत्त ॥