स्वहस्ते केलेली नळी

स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूचा अभिमान रास्तच असतो, असे आपण सहसा गृहीत धरतो. घरी घातलेले लोणचे नासले तर घरचीच मंडळी नाक मुरडतात. परंतु ज्या वस्तूच्या दोषाचे फळ अनोळखी माणसाला भोगावे लागेल, ती घरी करण्याचा आपणांस अधिकार आहे काय?

जुन्या जीपगाड्या आणि अँबॅसडर हौसेने पुन्हा उभ्या करणाऱ्यांपुढे हा प्रश्न ब्रेकच्या नळीच्या रूपाने येतो. ब्रेकचे तेल हवेतील ओलावा शोषते आणि साधी पोलादी नळी आतबाहेरून गंजते. स्टेनलेस स्टीलची नळी सहसा गंजत नाही; म्हणून ती स्वतःच करावी, असा मोह होतो. पण हा धातू हट्टी आहे. वाकवताना आणि टोक फुलवताना तो अधिकच कठीण होतो, आणि टोकाला केसाएवढी चीर गेली तर ती सहज दिसतही नाही. जुन्या नळीचे टोक बहुधा ४५ अंशांत दुहेरी फुलवलेले असते. स्टेनलेसचे पुष्कळदा ३७ अंशांत एकेरी फुलवतात. एकाचा जोड दुसऱ्याच्या बैठकीवर बसवला तर तो तेल धरील, याची खात्री नाही.

अनेक जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकाच सिलिंडरातून तेल जाते. एक नळी फुटली की चारही ब्रेक गेले. चंदीगडच्या सपाट, रुंद रस्त्यांवर अशी सदोष नळी महिनोन्‌महिने निभावून जाईल; तिची खरी परीक्षा सिमल्याहून कालक्याला येताना, सुमारे दीड हजार मीटरांच्या उतरणीवर होईल.

आम्हां सरकारी नोकरांना जबाबदारी वाटून घेण्याची सवय असते. टिप्पणीवर कारकुनापासून सचिवापर्यंत सह्या होतात आणि चुकीचा भार हलका होतो. नळीवर सही कोणाचीच नसते. म्हणूनच तिचा भार करणाऱ्यावर अखंड राहतो. मूळ स्वरूप राखण्याचा युक्तिवादही येथे अपुरा पडतो. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांच्या नोंदणीसाठी २०२१ साली केलेल्या केंद्रीय नियमांत मूळ स्वरूपाची अट आहे. पण गंजलेली नळी जपणे म्हणजे इतिहास जपणे नव्हे.

मग नळी विकतच घ्यावी काय? शक्य तेथे जरूर घ्यावी. तथापि विकतची वस्तूही कोणाच्या तरी हातचीच असते, आणि जुन्या गाडीला बेताची नळी दर वेळी मिळतेच असे नाही. म्हणून आमच्या मते अधिकार कौशल्याने अर्धाच मिळतो. उरलेला अर्धा स्वतःच्या कामावर अविश्वास ठेवण्याच्या तयारीने मिळतो. शंका येताच फुलवलेले टोक कापून टाकावे. पेडल जोराने दाबून धरावे, प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा, आणि शेवटी आपल्याहून जाणत्या माणसाकडून सारे तपासून घ्यावे.

रस्त्याने चालणाऱ्या माणसाने आपल्या हातावर विश्वास टाकलेला नसतो. त्याला कोणी तसे विचारलेलेही नसते. त्याच्या वतीने संशय घेण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.