सुटीतील मुले

कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे जून महिना उजाडला, की विद्यापीठांत शिकणारी मराठी मुले सामानसुमानासह घरी परततात आणि वर्षभर निवांत असलेल्या स्वयंपाकघरात मध्यरात्रीही दिवा जळू लागतो. ही मुले आता सज्ञान झालेली असतात. तेव्हा रात्री किती वाजता परतावे, गाडी कोणी न्यावी, याविषयी फर्मान काढण्यापेक्षा त्यांच्याशी विचारविनिमय करावा, हे उचित.

धाकट्यांचा प्रश्न अधिक नाजूक आहे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार सोळा वर्षांच्या विद्यार्थ्यास सुटीत नोकरी करावयाची झाल्यास शाळेमार्फत परवाना मिळवावा लागतो, आणि दिवसाला ८ तासांपर्यंत काम करता येते. परंतु आईवडिलांच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ मुलास नोकरीचा हक्कच नाही, आणि वयाची २१ वर्षे पूर्ण होताच त्याचा हा आश्रित दर्जाही संपुष्टात येतो. बरोबरीचे मित्र पहिली कमाई घरी आणीत असता ज्याला नाइलाजाने स्वस्थ बसावे लागते, त्याच्या मौनास आळस समजणे हा, माझ्या मते, घोर अन्याय होय.

मातापित्यांनो, त्याला स्वयंपाक शिकवा, ग्रंथालयातील विनामोबदला सेवेची वाट दाखवा. आणि कायद्याची ही वस्तुस्थिती त्याच्यापासून न लपविता, याच सुटीत, शेजारी बसून त्याला समजावून सांगा.