मधमाशीचे गुरुत्व

माघ सरून फाल्गुन लागला की शेवग्याच्या फुलोऱ्यावर आणि तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्यांचा गुंजारव सुरू होतो. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने यदुराजास आपले २४ गुरू सांगितले. त्यांत मधमाशीही आहे. फुलास न दुखविता ती थोडेथोडेच घेते, हा तिचा एक धडा. संचय करणारा संचयासह नाश पावतो, हा दुसरा. शिवाय घेता घेता ती पराग पोचवून फळाची सोय करून जाते. आपण मात्र पहाटे देवाच्या नावाने झाड ओरबाडून परडी भरतो. पूजेस चार फुले पुरेत. बाकीची झाडावरच राहू द्यावीत. सर्वांभूती भगवंत मानणाऱ्यास तेही अर्पणच आहे. श्रीकृष्णार्पणमस्तु.