पोस्टिंग संपल्यावर वॉर्डात काय उरतं?

नर्सिंग कॉलेजच्या ग्रंथालयात एक कपाट हमखास असतं. जुन्या विद्यार्थ्यांचे प्रबंध आणि गटाने केलेले संशोधन प्रकल्प त्यात ठेवलेले असतात. गडद बाइंडिंग, वर सोनेरी अक्षरं. पाच-दहा शीर्षकं वाचली की साचा लक्षात येतो : अमुक शहरातल्या निवडक रुग्णालयांतील परिचारिकांच्या अमुक विषयाच्या ज्ञानावर ‘स्ट्रक्चर्ड टीचिंग प्रोग्रॅम’ची परिणामकारकता. आधी प्रश्नावली भरून घ्यायची, मग तक्ते आणि फ्लॅशकार्डं घेऊन तासभर शिकवायचं, काही दिवसांनी तीच प्रश्नावली पुन्हा द्यायची. गुण वाढलेले असतात, आणि ते वाढणारच, कारण जे शिकवलं तेच विचारलेलं असतं. संख्याशास्त्राच्या कसोटीवर फरक लक्षणीय ठरतो, तोंडी परीक्षा होते, प्रबंध कपाटात जातो.

या कामात मुलामुलींचे कष्ट खरे असतात. ड्युटी सांभाळून, होस्टेलवर रात्री जागून, टायपिंग-बाइंडिंगला खिशातले पैसे घालून ते हे करतात. म्हणूनच या कपाटासमोर उभं राहिलं की मला वाईट वाटतं. ज्या वॉर्डात ती प्रश्नावली भरून घेतली, तिथल्या एका तरी रुग्णाच्या पाठीवरची जखम टळली का, हे त्या पानांत कुणी विचारलेलंच नसतं. परिचारिकेला माहिती नाही म्हणून बेडसोअर होतात, असं गृहीत धरून सगळी मांडणी झालेली असते. वॉर्डात चार दिवस काढलेल्या कुणालाही कळतं की माहिती आणि कृती यांच्या मध्ये बरंच काही आडवं येतं. रुग्णांची संख्या, रात्रपाळीला एकटी असलेली सिस्टर, खड्डा पडलेली गादी, कुलपात असलेलं सामान. सुधारणा करायची तर हात इथे घालावा लागतो.

भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा सुधारित अभ्यासक्रम आणला. पुराव्यावर आधारित सेवा आणि गुणवत्ता सुधारणा या दोन्ही गोष्टी त्यात विद्यार्थ्याच्या मूलभूत क्षमता म्हणून मांडल्या आहेत. कागदावर सोय झाली आहे. पण ही क्षमता वर्गात येत नाही. ती क्लिनिकल पोस्टिंगमध्येच येऊ शकते, आणि तिथे विद्यार्थ्याकडे अजून तरी जादा हात म्हणूनच पाहिलं जातं. टीपीआर (ताप, नाडी, श्वास) घ्या, बेड करा, सॅम्पल पोचवा, मग लॉगबुकवर सही घ्या.

एक उदाहरण घेतो, कारण या विषयात उदाहरणाशिवाय बोलणं पोकळ होतं. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. बी.पी. बघत बेडमागून बेड फिरणाऱ्या विद्यार्थिनीला हातांवरची इंट्राकॅथ, म्हणजे सलाइनसाठी शिरेत बसवलेल्या सुया, दिसतात. कुठे मायक्रोपोरवर तारीख आहे, कुठे नाही. एका आजोबांचा हात सुजलाय, सुईभोवती लाली आहे, आणि ते कालपासून ‘दुखतंय’ म्हणताहेत. तिने पुस्तकात वाचलंय की सुई ७२ ते ९६ तासांनी बदलायची. वॉर्डातही साधारण तोच नियम सांगितला जातो. इथे तिच्यापुढे दोन वाटा आहेत. सुई किती दिवसांनी बदलावी यावर परिचारिकांना शिकवून पुन्हा प्रश्नावली भरून घेणं ही एक. दुसरी वाट म्हणजे पुरावा काय सांगतो ते शोधणं आणि या वॉर्डात काय घडतंय ते मोजणं.

पुरावा शोधायला गेली तर तिला २०१२ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेला एक अभ्यास सापडेल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तीन रुग्णालयांतल्या ३,२८३ रुग्णांवर तो झाला. तो करणाऱ्या गटाच्या प्रमुख क्लेअर रिकार्ड स्वतः परिचारिका आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. निम्म्या रुग्णांची सुई ठरलेल्या दिवशी बदलली, उरलेल्यांची फक्त गरज पडली तेव्हा. शीर सुजण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, शेकडा ७ निघालं. म्हणजे चांगली चाललेली सुई केवळ तारीख उलटली म्हणून काढून रुग्णाला पुन्हा टोचण्याची गरज नव्हती.

आता खरी परीक्षा सुरू होते. हा निष्कर्ष उचलून ‘तिसऱ्या दिवशी सुई बदलणं बंद करा’ असं त्या विद्यार्थिनीने सुचवलं, तर ते धोक्याचं आहे. ‘गरज पडेल तेव्हा’ म्हणायचं तर गरज पडली हे कुणाला तरी दिसायला हवं. प्रत्येक पाळीत प्रत्येक सुई पाहणारं कुणी असेल, तरच त्या अभ्यासाचा निष्कर्ष आपल्या वॉर्डाला लागू होतो. पन्नास रुग्णांमागे दोन सिस्टर असतील, तर तिसऱ्या दिवसाचा नियम ही निदान एक राखण असते. तेव्हा तिचा प्रकल्प असा होईल : पहिल्या आठवड्यात रोज ठरलेल्या वेळी सगळ्या सुया पाहायच्या. किती जागांवर तारीख आहे, किती लाल आहेत, किती दुखताहेत, हे मोजायचं. त्यासाठी ० ते ५ गुणांची, सहज वापरता येणारी ‘व्हीआयपी’ मोजपट्टी तयार आहे. मग इनचार्ज सिस्टरशी बोलून एकच छोटा बदल. ट्रॉलीला मार्कर पेन बांधून ठेवायचं, आणि पाळी बदलताना ओव्हर देता-घेता दोघींनी मिळून प्रत्येक हाताकडे नजर टाकायची. आधी एकाच रांगेतल्या बेडवर, चार दिवस. पुन्हा मोजायचं. जमलं तर पुढची रांग. नाही जमलं तर का, ते त्याच सिस्टरना विचारायचं आणि बदलच बदलायचा.

प्रकल्प एवढाच. यात नियंत्रित गट नाही, मोठा नमुना नाही. गुणवत्ता सुधारणेचं काम जगभर याच चक्रावर चालतं : ठरवा, करून पाहा, तपासा, सुधारा. नव्या ज्ञानाचा शोध हे संशोधनाचं काम. सुधारणेचं काम सिद्ध झालेलं ज्ञान या विशिष्ट बेडपर्यंत पोचवण्याचं. दोन्हींची गल्लत झाल्यामुळे आपले विद्यार्थी संशोधनाचा आकार घेतात आणि त्यातून ना नवं ज्ञान मिळतं, ना बेडपर्यंत काही पोचतं.

पुरावा वाचणं म्हणजे त्याच्या अटी वाचणं, हे बेडसोअरच्या बाबतीत आणखी ठळकपणे दिसतं. दर दोन तासांनी कूस बदला, हे वाक्य नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून कानात बसलेलं. अमेरिका आणि कॅनडातल्या २७ नर्सिंग होममधल्या ९४२ वृद्धांवर झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन, तीन आणि चार तासांनी कूस बदललेल्यांत जखमांचा लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र ते सगळे दाट फोमच्या चांगल्या गादीवर झोपलेले होते. आपल्याकडच्या रेक्झिन घातलेल्या, दबून गेलेल्या गादीवर तो निष्कर्ष जसाच्या तसा आणता येत नाही. पण तो एक प्रश्न नक्की हातात देतो : या वॉर्डात गाद्यांची अवस्था काय आहे? तिसाव्या दिवशीही त्याच खड्ड्यात झोपलेल्या माणसाला कूस बदलणं किती वाचवणार? विद्यार्थ्याने ब्रेडन मोजपट्टीने रुग्णांचा धोका मोजला, सोबत गाद्यांची पाहणी केली आणि ते दोन्ही आकडे अधिसेविकांपुढे ठेवले, तर गाद्या मागवण्याच्या अर्जाला वजन येतं. हीसुद्धा गुणवत्ता सुधारणाच आहे, आणि मला विचाराल तर अधिक मोलाची.

जुनं शिक्षण कधी कधी पुराव्याच्या विरुद्धही उभं असतं. पाठीला स्पिरिट आणि पावडर लावून हाडांच्या उंचवट्यांवर चोळायचं, असं परिचारिकांच्या अनेक पिढ्या मनापासून शिकल्या आणि त्यांनी ते मनापासून केलं. आताची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की लाल झालेली जागा चोळू नये. खालच्या पेशींना त्याने इजा होऊ शकते. पंचवीस वर्षं सेवा झालेल्या सिस्टरना हे वीस वर्षांच्या मुलीने कसं सांगायचं? वॉर्डात उतरंड असते आणि ती विनाकारण नसते. अनुभवाने कित्येक जीव वाचवलेले असतात. ‘सिस्टर, तुमचं चुकतंय’ म्हणून काही साधत नाही. ‘सिस्टर, पुस्तकात असं आलंय, आपण दोन आठवडे एका बाजूच्या बेडवर करून बघू का? मोजायचं काम मी करते,’ असं म्हटलं तर बहुतेक सिस्टर ऐकून घेतात. आणि मग त्या जे सांगतात ते कुठल्याच शोधनिबंधात नसतं.

हात धुण्याचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये हातांच्या स्वच्छतेचे पाच क्षण सांगितले. त्यांचे तक्ते आज अनेक रुग्णालयांच्या भिंतींवर आहेत. साबण-पाण्याने नीट हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, हँडरबने २० ते ३०. आता हिशेब करा. एका सिस्टरकडे तीस रुग्ण आणि प्रत्येकामागे फक्त दोन वेळा हात स्वच्छ करायचे धरले, तरी साबणाने ४० मिनिटं ते तासभर जातो, शिवाय बेसिनपर्यंतच्या साठ खेपा. हँडरब हाताशी असेल तर निम्मा वेळ वाचतो. पण हँडरबची बाटली अनेकदा कपाटात असते, आणि कपाटाला कुलूप असतं. का? बाटल्या नाहीशा होतात आणि स्टॉकचा जाब इनचार्ज सिस्टरला द्यावा लागतो. हात का धुवावेत यावर कितीही व्याख्यानं दिली तरी त्या कुलपाला फरक पडत नाही. बेडच्या पायथ्याशी बाटली अडकवायची पट्टी आणि संपलेल्या बाटल्यांची साधी नोंद करण्याची परवानगी, यांनी फरक पडू शकतो. हे कारण सापडतं ते वॉर्डात उभं राहून, सिस्टरना विश्वासात घेऊन विचारल्यावर.

हे सगळं श्रीमंत देशांतलं आहे, आपल्याकडे कुठून व्हायचं, असं कुणी म्हणालं तर मी त्यांना गडचिरोलीकडे बोट दाखवेन. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभी केली आणि तुलनेसाठी ४७ गावं घेतली. बाळाचं वजन, श्वास, ताप यांच्या नोंदी करणाऱ्या गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायका होत्या. नवजात मृत्यूंचं प्रमाण शेकडा ६२ ने घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं, आणि २०११ पासून ‘आशा’ कार्यकर्तींमार्फत ही पद्धत देशभर राबवायला केंद्र सरकारने सुरुवात केली. दिल्लीच्या ‘एम्स’ने जागतिक आरोग्य संघटनेबरोबर वॉर्डातल्या कर्मचाऱ्यांसाठी चार पायऱ्यांची सोपी सुधारणा-पद्धतही तयार केली आहे : प्रश्न निवडून गट बांधा, कारणं शोधा आणि मोजा, बदल करून पाहा, टिकवा. गावातल्या बाया पुरावा उभा करू शकतात, तर चौथ्या वर्षाची विद्यार्थिनी का नाही?

अडचण तिच्या कुवतीची नाही, रचनेची आहे. पोस्टिंग तीन-चार आठवड्यांचं. एवढ्यात प्रश्न सापडेपर्यंत बॅच पुढच्या वॉर्डात जाते. म्हणून प्रश्न विद्यार्थ्याच्या नावावर नको, वॉर्डाच्या नावावर हवा. एका बॅचने मोजावं, दुसरीने बदल करून पाहावा, तिसरीने तो टिकला का ते तपासावं, आणि प्रत्येक बॅचने पुढचीला ओव्हर द्यावा. आकड्यांची वही वॉर्डातच राहावी. त्यात रुग्णाचं नाव नको आणि कुठल्या पाळीत कुणाची ड्युटी होती हेही नको. मोजमाप सिस्टरना पकडण्यासाठी होतंय अशी शंका आली तर सगळं तिथेच संपतं.

गुण कशाला द्यायचे, हेही ठरवायला हवं. बदल यशस्वी झाला तरच गुण, असं असेल तर आकडे यशस्वी केले जातील. न मोजलेल्या नाडीचा आकडा चार्टवर भरायची सवय वॉर्डात लवकर लागते, आणि ती घातक आहे. जे पाहिलं तेवढंच लिहायचं, ही शिस्त लागली आणि प्रकल्प फसला, तरी त्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण द्यावेत असं माझं ठाम मत आहे.

एका गोष्टीवर मात्र पांघरूण घालता येणार नाही. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांची माहिती तपासून २०१४ मध्ये दाखवलं की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला तर शस्त्रक्रियेनंतर रुग्ण दगावण्याची शक्यता शेकडा ७ ने वाढते. हाही पुरावाच आहे. पुराव्यावर आधारित सेवा हवी म्हणणाऱ्या व्यवस्थापनाला आणि सरकारला तो टाळता येत नाही. रिकामी पदं तशीच ठेवून विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतून गुणवत्ता वाढेल असं मानणं हा परिचारिकांवर आणि रुग्णांवर अन्याय आहे. विद्यार्थ्यांच्या नोंदीतून हेही पुढे यायला हवं, आणि कॉलेजने ते दडपू नये.

नर्सिंगच्या शिक्षकांना माझी एक विनंती आहे. पुढच्या बॅचला विषयांची यादी वाटण्याआधी वॉर्डात जा. इनचार्ज सिस्टरना विचारा की या वॉर्डात त्यांना सगळ्यात जास्त काय सलतंय. त्या सांगतील तो विषय घ्या, मुलांना मोजायला लावा, आणि आकडे आले की ते आधी त्यांनाच दाखवा. विद्यापीठाकडे नंतर पाठवा.